जिनिव्हात आमच्या उसाचा हिशोब झाला, आम्हाला कुणी विचारलं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एकानं लिहिलं होतं की डब्ल्यूटीओ (जिनिव्हातली जागतिक व्यापार संघटना), जागतिक बँक, डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) ही सगळी मोठ्या कंपन्यांची दुकानं आहेत, भारतानं सरळ उठून बाहेर यावं. दोन दिवसांनी दुसऱ्यानं उत्तर दिलं की अशा संस्थांशिवाय जग चालणार नाही, हे विषय तज्ञांवर सोडा. दोन्ही पत्रं वाचून मला राहवेना. आपल्या उसाच्या बिलात आणि पायातल्या चपलेत हा विषय येऊन बसलाय आणि आपण तो तज्ञांवर सोडायचा म्हणजे काय? पत्र लांबलंय, कापायचं असेल तर कापा पण उसाचा भाग तेवढा राहू द्या.

माझं कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे आणि गावाकडं, करवीर तालुक्यातच, दीड एकर ऊस. दुकानात दिवसभर सातबारा, वारसाचे कागद, अॅफिडेव्हिट असलंच चालू असतं. काही महिन्यांपूर्वी लॉ करणारा एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला, इंग्रजी रिपोर्ट प्रिंट करायचा होता, चांगलाच जाडजूड, मधे टोनर काढून हलवून परत घालायला लागला. पानं बाहेर पडताना सहज नजर गेली तर सगळीकडं शुगरकेन, शुगरकेन, एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवून दिलेला उसाचा किमान दर. म्हटलं हे काय आहे बाबा? तो म्हणाला काका, डब्ल्यूटीओची केस आहे, तुमच्या उसाचीच. मी एक कॉपी जादा काढून ठेवली आणि रात्री डिक्शनरी घेऊन, अडलं की त्या पोराला फोन करून, जमेल तेवढं वाचून काढलं.

गोष्ट अशी आहे. २०१९ च्या सुरुवातीला ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी भारताविरुद्ध तक्रार केली, की भारत ऊस उत्पादकांना मर्यादेबाहेर मदत करतोय आणि साखरेच्या निर्यातीला सबसिडी देतोय. १४ डिसेंबर २०२१ ला निकाल आला, आपल्या विरोधात. २०१४-१५ ते २०१८-१९ असे सलग पाच हंगाम भारतानं एकूण उसाच्या किमतीच्या १० टक्के ही मर्यादा ओलांडली असं डब्ल्यूटीओच्या पॅनेलनं, म्हणजे तिथल्या पंचांनी, सांगितलं. आपल्या सरकारचं म्हणणं होतं की एफआरपी सरकार तिजोरीतनं देत नाही, कारखाना देतो, मग ती सरकारी मदत कशी होईल? पॅनेलला ते पटलं नाही. सरकारनं दर ठरवून दिला म्हणजे ती मदतच, मग पैसे कुणाच्याही खिशातनं जाऊ देत.

आता त्यातल्याच २०१८-१९ च्या हंगामातलं माझं सांगतो. एफआरपी होती १० टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला २७५ रुपये. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय की ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, नाही दिलं तर १५ टक्के व्याज. माझा ऊस जानेवारीत तुटला. टोळीला खुशाली, ट्रॅक्टरवाल्याची एंट्री हे सगळं तिथल्या तिथं रोख मोजलं आणि पूर्ण बिल हातात यायला जून उजाडला, व्याज तर मी आजपर्यंत डोळ्यानं बघितलेलं नाही. मार्चअखेर सोसायटी भरायला बायकोच्या पाटल्या ठेवल्या. कारखान्याचं नाव घेत नाही, त्या साली बऱ्याच ठिकाणी हीच गत होती, साखरेला उठाव नव्हता. म्हणजे घरात पाटल्या गहाण आणि तिकडं जिनिव्हातल्या कागदावर मी मर्यादेबाहेर मदत घेतलेला शेतकरी. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि ही १० टक्क्यांची मोजणी कशी होते तेही बघा. डब्ल्यूटीओच्या शेतीच्या करारात सरकारनं ठरवलेल्या दराची तुलना जगातल्या किमतीशी करायची, पण ती जगातली किंमत धरायची १९८६ ते १९८८ या सालांतली, तिथंच गोठवून ठेवलेली. डिझेल आजचं, युरिया आजचा, भांगलणीची मजुरी आजची आणि तुलना आमचे वडील नांगर धरत होते तेव्हाच्या किमतीशी. गावातला कुठलाही पंच असा हिशोब मान्य करणार नाही. मात्र ऑस्ट्रेलियात ऊस लावणारा पण शेतकरीच आहे हे मी विसरत नाही, दुसऱ्या देशाची सबसिडीवाली साखर बाजारात आली की त्याचा दर पडतो, त्याचं दुखणं खोटं नाही. आपल्या दोघांचं दुखणं एकाच टेबलावर नीट ऐकून घेईल अशी जागा पाहिजेच, म्हणून मी बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्यात नाही.

पण त्या जागेची आज काय अवस्था आहे? निकालावर भारतानं डिसेंबर २०२१ मध्येच अपील केलं आणि ते अपील ऐकायला कुणी नाही. डब्ल्यूटीओचं अपिलाचं कोर्ट डिसेंबर २०१९ पासून बंद पडलंय, कारण अमेरिका नवीन सदस्य नेमूच देत नाही आणि तिथं एकानं जरी अडवलं तरी काम थांबतं. आपल्याकडं काही लोक म्हणतात बरंच झालं, निकाल लटकला. मला ते बरं वाटत नाही. ज्या दिवशी ते कोर्ट सुरू होईल त्या दिवशी एफआरपीचं काय करणार हे कारखान्यांना नसेल माहीत, सरकारला नसेल माहीत, आणि शेतकऱ्याला तर असली केस चालू आहे हेच माहीत नाही.

माझ्या लहानपणी तरी हे असं नव्हतं. डंकेल, म्हणजे ज्या मसुद्यातनं पुढं डब्ल्यूटीओ आली तो मसुदा, हा शब्द तेव्हा गावागावात पोचला होता. वडील शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या बिल्ल्यावाले, ते सांगायचे की सरकार आपल्याला सबसिडी देत नाही तर उलटी पट्टी लावतंय, उणे सबसिडी, म्हणून बाजार खुला झाला तर शेतकऱ्याचं भलंच होईल. आणि सीमेपलीकडं कर्नाटकात नंजुंडस्वामींची रयत संघटना त्याच डंकेलच्या विरोधात रान उठवत होती. आमच्याकडं पारावर या दोन बाजूंवरनं भांडणं व्हायची, दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाल्याचं मला आठवतंय. कोण बरोबर होतं ते बाजूला ठेवा, पण निदान माणसं बोलत तरी होती. आणि एवढं बोलून एप्रिल १९९४ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला डब्ल्यूटीओच्या करारावर सही झाली ती सरकारची, आपल्या राज्यघटनेप्रमाणं असा करार करायला संसदेची आधी मंजुरी लागतच नाही. मला हे त्या लॉच्या पोरानं सांगितलं तेव्हा खरं वाटेना.

आता कंपन्यांचं. डब्ल्यूटीओत तक्रार फक्त देशाला करता येते, कंपनीला नाही, असं पुस्तकात आहे. पण १९९६ मध्ये अमेरिकेनं युरोपवर केळ्याची केस घातली. अमेरिकेत केळी पिकतात किती? जवळजवळ नाहीतच. पण चिकिटा नावाची कंपनी अमेरिकेची, तिच्या लॅटिन अमेरिकेतल्या केळ्यांसाठी सरकार धावलं आणि केस जिंकली पण. याच्या उलट बुर्किना फासो, बेनिन, चाड आणि माली हे आफ्रिकेतले चार गरीब देश २००३ पासून ओरडतायत की अमेरिकेच्या कापूस सबसिडीनं आमचा शेतकरी मेला, त्यांच्या मागं कुठली मोठी कंपनी नाही, त्यांचा विषय अजून पुढच्या बैठकीत घेऊ असाच आहे.

औषधाचं तर सगळ्यात उघड. ट्रिप्स म्हणजे पेटंटचा करार, तो व्यापाराच्या वाटाघाटीत घुसवायला फायझर कंपनीचे प्रमुख एडमंड प्रॅट आणि अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांची कमिटी १९८६ पासून जोर लावत होती, हे लपवलेलं पण नाही. त्या करारामुळं आपल्याला १९७० चा पेटंट कायदा बदलायला लागला आणि २००५ पासून औषधाच्या मालावरच पेटंट आलं. तरी त्याच करारात एक फट होती, सक्तीच्या परवान्याची, म्हणजे पेटंटवाल्याची मर्जी नसली तरी सरकारनं दुसऱ्याला ते औषध बनवायला परवानगी द्यायची, आणि २००१ मध्ये दोहाला गरीब देशांनी आणि एड्सच्या पेशंटसाठी लढणाऱ्या संघटनांनी रेटा लावून ती फट पक्की करून घेतली. म्हणून मार्च २०१२ मध्ये आपल्या पेटंट कंट्रोलरनं बायर कंपनीच्या नेक्साव्हार या कॅन्सरच्या औषधासाठी नॅटको या भारतीय कंपनीला परवाना दिला. महिन्याला २ लाख ८० हजाराचं औषध ८,८०० रुपयांत. ज्याच्या घरात कॅन्सरचा पेशंट बघितलाय त्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको. लोक आत घुसले की त्याच संस्थेतनं लोकांचं काम निघतं, हे मला यातनं दिसतं.

आपल्या चपलेचं घ्या. कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, त्या भागाच्या नावावरचा हक्क, मिळालं २०१९ मध्ये, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं हुबेहूब तसली सँडल दाखवली, कोल्हापूरचं नाव नाही. मग इथं आरडाओरडा झाला, त्यांनी प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं मान्य केलं, पुढं डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करारही केला, चांगलंच झालं. पण माझ्या ओळखीचे सुभाषनगरातले एक कारागीर आहेत, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, कान स्वतः कापतात, वेणी त्यांची बायको घालते, त्यांनी मला विचारलं की जीआय होतं तर मग आधीच अडवता का आलं नाही? मी तो करार शोधून बघितला. ट्रिप्सच्या २३ व्या कलमात जादा संरक्षण आहे ते फक्त वाइन आणि दारूला. म्हणजे फ्रान्समधल्या शॅम्पेन भागाबाहेरच्या वाइनला कुणी 'शॅम्पेन स्टाइल' एवढं जरी लिहिलं तरी ते चालत नाही. आणि बाकी सगळ्या मालाला, चप्पल असो, आपला गूळ असो, २२ वं कलम, तिथं आधी सिद्ध करा की गिऱ्हाइकाची फसवणूक झाली. त्यात आपलं जीआय आपल्या देशापुरतंच, परदेशात हक्क पाहिजे तर तिथं वेगळी नोंदणी, वेगळा वकील. युरोपातले द्राक्षवाले त्या टेबलावर होते म्हणून त्यांच्या बाटलीला कुलूप मिळालं, आमचा चांभार नव्हता. भारत गेली वीसएक वर्षं म्हणतोय की हे संरक्षण सगळ्या मालाला द्या, अजून झालेलं नाही. ते कारागीर हे सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "म्हणजे दारूला मान आणि पायताणाला न्हाई व्हय?" आणि परत रापी हातात घेतली.

डब्ल्यूएचओबद्दल मात्र पहिल्या पत्रलेखकानं सरसकट लिहिलंय ते मला पटत नाही. देवी याच संस्थेच्या मोहिमेनं गेली, १९८० मध्ये तसं जाहीर झालं, आमच्या आईच्या तोंडावर व्रण होते, माझ्या पोरांना तो रोग माहीतसुद्धा नाही. १९८१ मध्ये बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरातबाजी रोखणारी नियमावली आली, ११८ देश बाजूनं आणि विरोधात एकटी अमेरिका. त्याच्याच आधारानं आपल्याकडं १९९२ चा कायदा झाला. २००३ मध्ये हीच डब्ल्यूएचओ म्हणाली की दिवसभराच्या कॅलरीत साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत ठेवा, तर अमेरिकेतल्या साखरवाल्यांच्या असोसिएशननं धमकी दिली की अमेरिकेच्या सरकारकडनं तुम्हाला मिळणारा निधी बंद करायला लावू. आपण साखरेच्या जिल्ह्यातले, तरी मी म्हणतो डब्ल्यूएचओनं बरोबरच सांगितलं होतं, डायबेटिस आपल्याच घरात आहे.

तर मला जे कळलंय ते एवढंच, की कंपनीला या इमारतींचं दार माहीत आहे आणि आपल्याला नाही. कोल्हापुरातल्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळचं आठवा. शहरातले रस्ते कंपनीनं केले, नाके उभे राहिले, पण दार कुठलं ते आपल्याला माहीत होतं, महापालिका, कलेक्टर ऑफिस, मुंबईत मंत्रालय. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर त्या वयात, तब्येत बरी नसताना, रस्त्यावर येऊन बसले, सगळे पक्ष एकत्र आले, बायका पोरं मोर्चात आली आणि शेवटी टोल गेला. जिनिव्हात कुठं बसायचं? तिथं आपल्या वतीनं बसतो तो दिल्लीचा अधिकारी, आणि तो जाण्याआधी त्यानं उद्योगांच्या चेंबरबरोबर बैठक केलेली असते, ऊस उत्पादकाबरोबर, चर्मकाराबरोबर कधी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

म्हणून आपल्या जिल्ह्याच्या दोन्ही खासदारांना माझी आपल्या पेपरमार्फत विनंती आहे. डब्ल्यूटीओच्या मंत्र्यांच्या परिषदेला सरकार काय मागणी घेऊन जाणार त्याचा मसुदा आधी मराठीत छापून घ्या आणि त्यावर कोल्हापुरात जाहीर सुनावणी लावा, शाहू स्मारकात लावा, आम्ही येतो. कराराला संसदेची मंजुरी सक्तीची करावी असं विधेयक मांडा, खासगी का असेना. आणि एफआरपीच्या निकालावर सरकारची पुढची तयारी काय आहे हा प्रश्न लोकसभेत विचारा, लेखी उत्तर घ्या. दर वर्षी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीवर ठराव होतो, तो झालाच पाहिजे, पण त्याच व्यासपीठावर या केसवर पण एक ठराव व्हावा असं मला फार वाटतं.

त्या रिपोर्टची कॉपी माझ्या दुकानात काउंटरच्या खालच्या फळीवर आहे. समासात मी जमेल तसा मराठीत अर्थ लिहिलाय, काही ठिकाणी चुकला असेल. ज्याला पाहिजे त्यानं यावं, कागदाच्या पैशात झेरॉक्स काढून देतो, आणि कुणा इंग्रजीच्या जाणकाराला चुका दुरुस्त करून देता आल्या तर लई बरं होईल.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक,
कोल्हापूर