गजकर्णावर चिठ्ठीविना मलम

महोदय,

सोलापूरच्या उन्हाळ्यात यंत्रमागापुढे घामाने भिजणाऱ्या कामगारांच्या जांघेत, कमरेला गजकर्ण उठते आणि 'नेहमीचे द्या' एवढे म्हणताच औषध दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम हाती पडते. गजकर्ण बुरशीमुळे होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बुरशीचे बीजाणू गिळून टाकतात; काही बुरशींच्या गिळता न येणाऱ्या लांब तंतूंवर तर न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी स्वतःच्याच डीएनएचे जाळे फेकतात. त्वचेवरची लाली आणि खाज ही बहुतांशी पांढऱ्या पेशींच्या या झुंजीचीच खूण असते. स्टेरॉइड नेमकी ही झुंज थोपवते, त्यामुळे खाज शमते, बुरशी मात्र पसरत राहते आणि नवी वर्तुळे उमटतात. २०१८ पासून अशा मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन आहे. अन्न व औषध प्रशासनाने त्याची तपासणी दुकानांत जाऊन करावी.

– एक वाचक, सोलापूर