अलीचे दोर आणि आपली मुले

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या किन्शासा येथील मुष्टियुद्धाच्या लढतीवरचा लेख वाचला. लेख रंजक आहे. परंतु जोरकस ठोसे मारत अंगावर येणाऱ्याला रिंगभोवतीच्या दोरांवर रेलून खुशाल मारू द्यावे आणि तो दमला की लोळवावे, असा जो अर्थ त्यातून निघतो, तो अर्धवट आहे आणि नवोदितांसाठी घातकही.

३० ऑक्टोबर १९७४ रोजी रिंगमध्ये उतरलेला फोरमन अवघ्या २५ वर्षांचा होता. ४० लढतींत तो एकदाही हरला नव्हता आणि अलीला हरवून दाखवणाऱ्या फ्रेझर व नॉर्टन या दोघांनाही त्याने दुसऱ्याच फेरीत गारद केले होते. अशा माणसासमोर अलीने पहिल्या फेरीत दोर धरलेच नाहीत. डाव्या हाताचा जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा, आधी न टाकता त्याने थेट उजव्याचे ठोसे लगावले. उजव्याला लांबून यावे लागते, त्यामुळे कसलेल्या मुष्टियोद्ध्यासमोर असे कोणी सहसा करत नाही, आणि म्हणूनच ते लागले. दुसऱ्या फेरीपासून तो दोरांवर गेला, तेव्हा कोपऱ्यातून त्याचे प्रशिक्षक डंडी ‘बाहेर ये’ म्हणून ओरडत होते! पण तिथेही तो नुसता मार खात नव्हता. कोपरे बरगड्यांना चिकटलेली, मुठी गालांशी आणि धड मागे झुकलेले असल्यामुळे फोरमनचे रुंद फेकलेले ठोसे बरेचसे दंडांवर आदळत किंवा तोकडे पडत; तो जवळ आला की अली त्याची मान खाली दाबून धरी, आणि मधूनच दोन-तीन सरळ ठोसे तोंडावर देई. आठव्या फेरीच्या अखेरीस फोरमन पडला, तो या साऱ्यामुळे.

शिवाय ती लढत १५ फेऱ्यांची ठरली होती. आपली मुले खेळतात ते हौशी सामने तीनच फेऱ्यांचे. समोरचा दमायच्या आत घंटा वाजते, गुण त्याच्या खात्यात जमा झालेले असतात आणि धरून ठेवले तर पंच ताकीद देतो. माझ्याकडच्या एका १९ वर्षांच्या मुलाने जिल्हा स्पर्धेत हा प्रयोग केला. पोटावर लागोपाठ चार ठोसे बसल्यावर त्याचे हात खाली आले आणि तो उभा असतानाच पंचाने लढत थांबवून, तो पुढे लढू शकतो का हे पाहण्यासाठी, आठपर्यंत अंक मोजले.

त्याच्याकडून मी आता एवढेच घोटून घेतो, की समोरचा मुसंडी मारून आला की सरळ मागे हटायचे नाही. जॅब तोंडावर टाकायचा, डाव्या पायाच्या चवड्यावर गिरकी घेऊन बाजूला व्हायचे आणि तो वळायच्या आत उजवा हात सोडायचा. पाठीला दोर लागलाच, तर मनात तीन मोजून होईपर्यंत तिथून निघालेले असले पाहिजे.

आपला नम्र,
एक मुष्टियुद्ध प्रशिक्षक, पुणे