चिन्नूच्या दातांबद्दल

प्रिय बाळ्या,

काल फोनवर निम्मंच बोलणं झालं, तुझी बस आली आणि विषय तिथंच राहिला, म्हणून म्हटलं निवांत बसून लिहावंच. चिन्नूचा फोटो मोठा करून बघितला. डाव्या बाजूचे वरचे दात खालच्या दातांच्या आत बसलेत. काकू म्हणत्यात, दुधाचे दात हैत, पडून नवीन येतील, आत्ता कशाला डॉक्टर, आणि तू पण होय की म्हणून वाट बघूलालास. पण दात पडले तरी जबडा काय बदलून येत नाही रे.

एक काम कर. तिला समोर बसव, तोंड उघडून सावकाश मिटायला सांग आणि हनुवटीकडं बघ. मिटता मिटता ती एका बाजूला सरकत असेल तर वरचा जबडा अरुंद असण्याची शक्यता आहे, वरचे-खालचे दात नीट बसत नाहीत म्हणून पोर खालचा जबडाच बाजूला घेऊन चावत असेल. वाढीच्या वयात असंच चालू राहिलं की चेहरा पण वाकडा वाढू शकतो, मग नुसत्या दातांचा प्रश्न राहत नाही.

आमच्या थोरल्याचं हेच होतं. टाळूच्या मधोमध हाडाचा सांधा असतो, तो लहानपणी पक्का जुळलेला नसतो, म्हणून एक्स्पांडर, म्हणजे टाळूला बसवायचं स्क्रूचं यंत्र, लावून जबडा रुंद करता येतो. वयात आल्यावर तो घट्ट होत जातो आणि मग त्याच कामाला कधी कधी ऑपरेशनच लागतं. रात्री जेवून दात घासले की हा आईच्या मांडीवर डोकं ठेवायचा, मी मोबाईलची बॅटरी तोंडात मारायचो आणि त्याची आई बारीकशी किल्ली स्क्रूच्या भोकात घालून पुढनं मागं फिरवायची, एका वेळेला पाव मिलिमीटर. किल्ली घशात जाऊ नये म्हणून तिला दोरा बांधलेला. पुढं वरच्या दोन दातांत चांगली फट पडली, आमची आई घाबरली, पण डॉक्टर म्हणाले सांधा उघडल्याची हीच खूण, आणि ती फट नंतर आपोआप मिटली. नवीन हाड भरेपर्यंत काही महिने ते यंत्र तसंच तोंडात ठेवायला लागलं. सुरुवातीला त्याला स आणि श नीट म्हणता यायचं नाही, मग सवय झाली. गोकाकचं करदंट मात्र पूर्ण बंद, चिकटतं. कुंदा चालायचा.

अजून एक, तिची दुधाची दाढ किडून काढलीय म्हणालास ना? तिथं स्पेस मेंटेनर, म्हणजे पडलेली जागा धरून ठेवणारं छोटं यंत्र, लागतो का ते नक्की विचार, नाहीतर मागची दाढ पुढं सरकते आणि खालनं येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच राहत नाही. आणि झोपेत तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला पण दाखव, अडिनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, वाढलेले असले की नुसत्या दातांकडं बघून भागत नाही.

पण कुणी 7-8 वर्षांच्या पोरीला सरसकट ब्रेसेस लावूया म्हणालं तर लगेच हो म्हणू नकोस, का ते विचार. या वयात पुढच्या दातांत फट असते, सुळे आले की बऱ्याचदा आपोआप भरते. वरचे दात थोडे पुढं असतील तर पुष्कळदा 11-12 व्या वर्षापर्यंत थांबलं तरी चालतं, फारच पुढं असले तर गोष्ट वेगळी, खेळताना पडून तेच आधी तुटतात. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे दात-जबडा सरळ करणाऱ्या डॉक्टरांची, संघटना 7 व्या वर्षापर्यंत एकदा तपासून घ्या म्हणते, तपासून घ्या, लगेच तार लावा असं नाही. आणि आत्ता जबडा रुंद केला तरी पुढं ब्रेसेस लागू शकतात, हे पण धरून चाल.

खर्चाचं टेन्शन घेऊ नकोस. बेळगावात केएलईचं डेंटल कॉलेज आहे, मराठा मंडळचं आहे, कॉलेजात खाजगी दवाखान्यापेक्षा कमी पैशात होतं, फक्त ऑर्थोडॉन्टिस्टच्याच विभागात दाखव. वेळ जास्त जातो, ते सोसायला पाहिजे.

या आठवड्यात शाळेला एक दिवस सुट्टी घे आणि खानापूरहून सकाळच्या गाडीनं तिला घेऊन ये, मी स्टँडवर गाडी घेऊन येतो. दाढ काढली तेव्हाचा एक्स-रे असला तर न विसरता आण. काकूंना पण घेऊन ये, डॉक्टर समोर दाखवून सांगतील तर त्यांना पण पटेल.

तुझा,
पश्या