विषय : ‘आवड ओळखणाऱ्या’ ॲपकडून होणारा नको त्या बातम्यांचा मारा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी औसा तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. ‘तुमची आवड ओळखणारं बातम्यांचं ॲप’ ही जाहिरात वाचून तुमची वर्षाची वर्गणी भरली. नोंदणी करताना लातूर जिल्हा, शेती, बाजारभाव, पाऊसपाणी असं सगळं नीट निवडलं होतं. सुरुवातीला ॲप बरं चाललं, ते नाकारत नाही.

मग लातूर रस्त्यावरच्या एका अपघाताची बातमी आली. गाडी आमच्याच भागातली वाटली, म्हणून नावं सापडेपर्यंत वाचत गेलो, फोटो मोठा करून नंबर प्लेट पाहिली. ओळखीचं कोणी नव्हतं. पण तेव्हापासून तुमच्या ॲपने मला अपघातांचा शौकीन ठरवलंय. कुठल्या कुठल्या राज्यांतले ट्रक, बस, पुलावरून पडलेल्या जीपा. दुकानाचं शटर वर करायच्या आधी मोबाईलवर मृतांचा आकडा येऊन पडलेला असतो.

बातमीच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवून ‘रस नाही’ दाबलं की ‘धन्यवाद, तुमची निवड नोंदवली आहे’ असं येतं. स्क्रीन खाली ओढून सोडली की तोच अपघात, तोच फोटो, फक्त वेबसाइट दुसरी. म्हणजे तुमचं बटण ती एक बातमी लपवतं, विषय तसाच राहतो. मी कुठे किती वेळ थांबलो हे मात्र ॲप बरोबर लक्षात ठेवतं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक औषधाची बाटली उचलतं, लेबल वाचतं आणि परत ठेवतं. म्हणून पुढच्या खेपेला मी तीच बाटली त्याच्यापुढे मांडत नाही.

जे हवं ते मिळत नाही, ही खरी तक्रार. सोयाबीन शोधलं की इंदूरचे भाव येतात. माझ्या काउंटरवर लोक विचारतात ते लातूर बाजार समितीत सौदा कितीला निघाला, २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावापेक्षा तो किती खाली आहे, खरेदी केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट कशी लावतात. पावसाळ्यात मांजरा धरणाचा साठा रोज पाहावा लागतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला तो आकडा हौसेपोटी नको असतो. ॲपमध्ये तो खाली कुठेतरी गाडलेला. औरंगाबाद शोधलं तर बिहारमधल्या औरंगाबादचं राजकारण! (नाव बदललं, कबूल, पण मी निवडलेला जिल्हा तरी बघायचा.)

हेल्पलाइनवर सांगण्यात आलं, ‘सर, वापरत राहा, ॲप हळूहळू शिकेल.’ वर्गणी तुम्ही हळूहळू घेतली नव्हती.

तरी माझ्या खात्यावर साठलेली ‘आवड’ पूर्ण पुसावी, विषय कायमचा बंद करायची सोय द्यावी आणि मी स्वतः निवडलेला जिल्हा व विषय तुमच्या अंदाजाच्या वर ठेवावेत. पंधरा दिवसांत हे जमणार नसेल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि लातूर मला लांब नाही.

पावती आणि स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. उत्तर मराठीत द्यावे.

आपला,
एक वर्गणीदार, ता. औसा, जि. लातूर