पाव इंचाचे ऋण

आदरणीय काकू,

साष्टांग नमस्कार.

अमेरिकेतला मुक्काम आवरून परतताना तुम्ही स्वतःचे कपडे मागे ठेवलेत आणि रजईकामाची जुनी मासिके बॅगेत भरून माझ्यासाठी आणलीत, त्याला आता दोन वर्षे होतील. आभार मी त्याच दिवशी मानले होते. पण त्या अंकांनी आणि समासात तुम्ही पेन्सिलीने लिहिलेल्या टिपांनी मला काय शिकवले, ते सांगायचे राहून गेले. गोधडी शिवणाऱ्या इतर बायकांनाही ते उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

माझा हात आईच्या गोधडीवर बसलेला. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, वर तुकडे मांडायचे आणि कडा आत दुमडून धावदोरा घालत जायचे. तुकडे जोडणे आणि थर टाचणे हे आमच्याकडे एकच काम असल्यामुळे मापाची गरज कधी पडलीच नाही. त्याच सवयीने मी एका अंकातला ‘ओहायो स्टार’, म्हणजे तीन बाय तीन अशा नऊ घरांत बसणारा ताऱ्याचा नमुना, शिवायला घेतला. तीन इंचांचा साचा कापडावर ठेवून बरोबर तीन इंचांवर कापला, आणि नऊ इंचांचा चौकोन साडेसात इंचांचा होऊन बसला. ताऱ्याची टोके शिवणीत गेली ती गेलीच. पान पुन्हा उघडले तेव्हा साच्याच्या शेजारी तुमचे अक्षर दिसले : ‘शिवण धरलेली नाही. चारी बाजूंनी पाव इंच वाढवून कापणे.’ त्याच पानात कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेला तुमचा साचाही होता. पेन्सिल फिरून फिरून त्याच्या कडा झिजल्या होत्या. कापडाच्या उलट बाजूला त्या साच्याची रेघ मारायची, कात्री पाव इंच बाहेरून चालवायची आणि टाके मात्र रेघेवरच घालायचे, हे मला त्या पुठ्ठ्यावरून समजले.

बॉनी लेमन यांनी १९६९ साली कोलोरॅडोत सुरू केलेल्या ‘क्विल्टर्स न्यूजलेटर’चे अंक तर मी पुन्हा पुन्हा काढून वाचते. त्यांच्याइतकीच मोलाची वाटतात ती तुमच्या शेजारीणबाईंनी तुम्हाला दिलेली ‘कॅन्सस सिटी स्टार’ची पिवळी पडलेली कात्रणे. त्या वृत्तपत्राने १९२८ ते १९६१ या काळात हजारावर आकृत्या छापल्या आणि त्यांतल्या कितीतरी वाचक बायकांनीच पाठवलेल्या होत्या. एकाच आकृतीला गावोगावी वेगळे नाव असायचे. ‘अस्वलाचा पंजा’ दुसरीकडे ‘चिखलातले बदकाचे पाऊल’ होतो, आणि तिसरीकडे ‘मैत्रीचा हात’. छापील नावाखाली शेजारीणबाईंच्या तोंडचे नाव तुम्ही नोंदवून ठेवले नसते, तर ते त्यांच्याबरोबरच गेले असते.

या सगळ्यांत माझे मन जडले ते ‘लॉग केबिन’ म्हणजे ‘ओंडक्यांचे घर’ या आकृतीवर. मधोमध लहानसा लाल चौकोन, म्हणजे घरातली चूल असे सांगतात, आणि त्याच्याभोवती लाकडी ओंडक्यांसारख्या पट्ट्या, निम्म्या फिक्या, निम्म्या गडद. जुन्या काळी या पट्ट्या खालच्या साध्या कापडावरच एकेक करून शिवत नेत, हे वाचले तेव्हा मला आईचे हात आठवले, कारण आमच्या गोधडीच्या सर्वांत जवळची अमेरिकन आकृती हीच, असे माझे ठाम मत झाले आहे. आईच्या दोन लुगड्यांच्या मी पट्ट्या काढल्या; अंजिरी गडद बाजूला, विटके मोतिया फिक्या बाजूला. असे छत्तीस चौकोन जोडून झाले आहेत, आणि एकाचाही कोपरा सरकलेला नाही.

आत जुनी सुती चादर घातली आहे, अस्तर लागले आहे, धावदोराही पूर्ण होत आला आहे. कडेची पट्टी मात्र मुद्दाम ठेवली आहे. दिवाळीत तुम्ही याल तेव्हा तिचा पहिला टाका तुमच्या हातचा पडावा, एवढी विनंती आहे.

तुमची,
गल्लीतली शिष्या