डबी वापरात असू द्या

क्योतो, नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

दादाबरोबर एक छोटं खोकं पाठवलंय. त्यात मुठीत मावेल एवढी बदकाच्या आकाराची डबी आहे. ती शोकेसमध्ये जाऊन बसू नये म्हणून हे पत्र.

इथे जपानात हिला कोगो म्हणतात. चहाच्या समारंभात धूप ठेवायची डबी. मे ते ऑक्टोबर लाकडाची किंवा लाखकाम केलेली वापरतात, तिच्यात चंदनाचे तुकडे. नोव्हेंबरात चहाघरातली जमिनीतली चूल उघडली की या मातीच्या रंगीत डब्या बाहेर निघतात. त्यांच्यात धुपाच्या मळलेल्या गोळ्या असतात: अगरू, चंदन, लवंग कुटून, कोळशाची पूड घालून मधात कालवलेल्या. बाबा, इथले धूपवाले म्हैसूरकडच्या चंदनाला अव्वल मानतात. तुमच्या सहाणेवरचा वास मला इथे दुकानात शिरताच येतो.

गोळी चिकट असते, म्हणून डबीत आधी कामेलिया या फुलझाडाचं हिरवंगार पान ठेवतात आणि त्यावर गोळ्या. यजमान चुलीत कोळसे रचतो, गोळी निखाऱ्याजवळ राखेत सोडतो. मग मुख्य पाहुणा म्हणतो, डबी बघायला मिळेल का? मला हा भाग सगळ्यांत आवडतो. डबी चटईवर ठेवतात. पाहुणा वाकतो, कोपरं गुडघ्यांशी टेकवून ती जमिनीपासून जेमतेम वर उचलतो, झाकण काढून आत बघतो, मग पुढच्याकडे सरकवतो. शेवटी यजमानाला विचारतात: आकार कुठला, भट्टी कुठली, धुपाचं नाव काय? जुन्या, मोलाच्या डब्यासुद्धा अशा हातोहात फिरतात.

आई, बदकाचे पंख नीट बघ. आधी माती झिलईसकट कडक भाजतात. मग त्यावर लाल, हिरवा, निळा रंग भरून कमी आचेवर पुन्हा भट्टीत घालतात आणि सोनं त्याहून कमी आचेवर, शेवटी. रंगकामाची ही रीत क्योतोत सतराव्या शतकात निन्सेई नावाच्या कुंभाराने नावारूपाला आणली. निन्नाजी देवळासमोर त्याची भट्टी होती. त्याच्या हाताखाली शिकलेल्या केन्झानने 1699 मध्ये नारुताकीला स्वतःची भट्टी घातली. झाकण आणि बूड एकत्रच भाजतात, म्हणजे आचेत वाकली तरी जोडी सुटत नाही.

बाबा, तुम्हाला कुस्तीचं वेड, म्हणून सांगते. 1855 मध्ये इथल्या हौशी लोकांनी अशा डब्यांची क्रमवारी छापली, हुबेहूब सुमो पैलवानांच्या यादीसारखी, पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू करून. पूर्वेला सगळ्यांत वर मोठ्या कासवाच्या आकाराची डबी. आणि पहिल्या महायुद्धातले फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो, त्यांनी तीन हजारांवर डब्या जमवल्या होत्या! तो संग्रह 1960 पासून कॅनडात, मॉन्ट्रियलच्या कलासंग्रहालयात आहे. इतक्या डब्या एकत्र बघायला मलाही आवडेल, पण काचेमागे डबीचं अर्धंच काम होतं असं मला मनापासून वाटतं. ती हातात घ्यायची वस्तू आहे.

आई, तुझा कुंकवाचा करंडा रोज उघडतो, तशीच ही रोज उघडायची. झाकणाला आटे नाहीत, नुसतं वर बसतं, त्यामुळे तुझ्या आखडलेल्या बोटांना त्रास नाही. फक्त पितांबरीने घासू नकोस, सोनं जाईल; मऊ सुती फडक्याने पूस. गोळ्यांची पुडी सोबत आहे. कामेलियाचं पान तिकडे मिळणार नाही, केळीच्या पानाचा तुकडा चालेल. गोळी थेट निखाऱ्यावर टाकू नका, जळून धूर होईल. बाजूच्या गरम राखेत ठेवा, वास हळूहळू येतो. आणि कुणी घरी आलं तर त्यांच्याही हातात द्या. फुटलीच तर फुटली, मला वाईट वाटणार नाही.

बाबा, मोतीबिंदूची तारीख पुन्हा पुढे ढकलू नका. पंखांवरच्या सोन्याच्या रेघा फार बारीक आहेत.

तुमची,
छकुली