विषय: टर्नटेबलची अर्थिंगची वायर आतून सुटलेली, आणि ती भिंतीतल्या सॉकेटात खुपसण्याचा तुमचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज चौथा फोन झाला. चारही वेळा उत्तर एकच, "व्हॉल्यूम कमी ठेवून बघा." म्हणून आता लेखी.

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याचं यंत्र, वॉरंटीत आहे. अॅम्पचं (अॅम्प्लिफायरचं) फोनो इनपुट, म्हणजे टर्नटेबलसाठीचं, निवडलं की रेकॉर्ड फिरत नसतानाही दोन्ही स्पीकरमधून घुंई आवाज येतो आणि व्हॉल्यूमबरोबर वाढतो. सीडी इनपुटवर तोच अॅम्प पूर्ण शांत. टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) नळीला बोट लावलं की आवाज बदलतो. म्हणून हेडशेल (दांड्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) काढून मल्टिमीटरने तपासलं. चारही सिग्नल वायरी, म्हणजे पांढरी, निळी, लाल आणि हिरवी, अॅम्पला लागणाऱ्या आरसीए पिनांपर्यंत सलग आहेत. रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीच्या बेअरिंगपासून अर्थिंगच्या वायरीच्या यू आकाराच्या लगपर्यंत (टोकाच्या धातूच्या पट्टीपर्यंत) ०.६ ओहम. टोनआर्मच्या नळीपासून त्याच लगपर्यंत मात्र सर्किट उघडं, म्हणजे जोडच नाही. नळी आणि अॅम्पचा जीएनडी (ग्राउंड) स्क्रू एका सुट्या वायरीने जोडले की घुंई बंद होते. टोनआर्मचा अर्थिंगचा जोड तळपत्र्याखाली सुटला आहे, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुईच्या भागातून, जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात. अॅम्पमधली फोनो स्टेज ते सुमारे १०० पटींनी वाढवते, आणि रिया इक्वलायझेशनमुळे (रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज परत वर उचलण्याच्या पद्धतीमुळे) ५० हर्ट्झचा आवाज १००० हर्ट्झच्या तुलनेत आणखी १७ डेसिबल वर उचलला जातो. आपल्याकडची वीज नेमकी ५० हर्ट्झची. अर्थिंग नसलेला टोनआर्म अँटेनासारखा तीच पकडतो. टर्नटेबल विकणाऱ्या कंपनीला हे मी सांगायला नको होतं.

आता आजचं संभाषण. मी मल्टिमीटरचे आकडे वाचून दाखवले. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, मीटर वगैरे राहू द्या, वायर जोडलीय ना?" म्हटलं, अॅम्पच्या जीएनडी स्क्रूला घट्ट आहे, आतलं टोक सुटलंय. दोन मिनिटं होल्डवर ठेवलं. परत येऊन म्हणाले, "मग ती वायर स्क्रूवरून काढा आणि बोर्डाच्या वरच्या मोठ्या भोकात घाला, तेच खरं अर्थिंग." मी विचारलं, उघडी वायर? हाताने? उत्तर आलं, "हो सर, सगळे तसंच करतात."

सगळे तसंच करत असतील तर कुणाचा तरी जीव जाईल. हात घसरून वायर फेजच्या भोकात गेली तर बेअरिंग, म्हणजे पर्यायाने तबकडीच, २३० व्होल्टवर जाते. बरोबर भोकात गेली तरी तीन पिनांच्या अॅम्पला अर्थिंगचा दुसरा रस्ता मिळून ग्राउंड लूप (अर्थिंगचं वेटोळं) होऊ शकतो आणि घुंई उलट वाढू शकते. शिवाय टोनआर्मकडचा जोडच सुटलेला असताना वायरीचं बाहेरचं टोक कुठंही लावून काय होणार? तुमच्याच माहितीपुस्तिकेत ही वायर अॅम्पच्या जीएनडी टर्मिनललाच लावा असं छापलं आहे. फोनवर बसवलेल्या माणसांना ती एकदाही वाचायला दिली नाही?

व्हॉल्यूम कमी ठेवणं हा उपाय नाही, हे पुन्हा सांगतो. त्याने गाणंही तेवढंच कमी होतं.

तुमच्या नावावर विश्वास होता म्हणून स्वस्तातलं मॉडेल सोडून हे घेतलं. तो विश्वास आता उरलेला नाही.

सात दिवसांत टेक्निशियन पाठवा. त्याने तळपत्रा उघडून जोड नव्याने डाखावा, नुसता पिळून टेप लावू नये. नंतर नळी ते लग १ ओहमच्या आत येतं हे माझ्यासमोर मोजून दाखवावं. आणि सॉकेटात वायर घालण्याचा सल्ला आजपासून बंद केल्याचं मला लेखी कळवा. तसं न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग. आजचा कॉल तुमच्याकडे रेकॉर्ड झालेला आहे. तो पुसू नका, आयोगापुढे मागवणार आहे.

एक ग्राहक
(बिल आणि वॉरंटी कार्डाची प्रत सोबत)